पाटणे सरांचं वासरू

अर्धवट शिजलेल्या गोष्टींवर जीव टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पाटणे. निपाणीतल्या आमच्या मराठी शाळेत तो मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा. मी त्याच शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढली, शेवटची काही हेडक्लार्क म्हणून. त्या खुर्चीतून मास्तर लोक आतून-बाहेरून दिसतात. आळशी पाहिले, चहाडखोर पाहिले, वर्गात झोपणारे तर ढीगभर पाहिले. पण त्यांच्यातल्या कुणाचा मला पाटणेइतका तिटकारा आला नाही. वाईट माणसाशी कसं वागायचं ते आपल्याला ठाऊक असतं. पाटणे वाईट नव्हता, त्यामुळे त्याचं काय करायचं तेच कळायचं नाही.

उंच, किडकिडीत, शर्टाची एक बाजू खोचलेली आणि दुसरी बाहेर. लॅपटॉपच्या बॅगेची चेन कधीची तुटलेली, तिला दोन सेफ्टी पिना. चिकोडी रस्त्यावरच्या एका खेड्यातून रोज बसने यायचा. घरात मराठी, गल्लीत कन्नड, सातवीपर्यंतची शाळाही कन्नडच, त्यामुळे दोन्ही भाषा त्याला सारख्याच यायच्या. संस्थेने त्याला तात्पुरता म्हणून घेतलेला, दर जूनला नवा आदेश. या 'तात्पुरता' शब्दाची माणसाला लाज वाटावी की नाही? तो म्हणायचा, "आक्का, मी बी अजून चाचणीवरच हाय बगा," आणि स्वतःच खदखदून हसायचा.

शाळेत मला सगळेच आक्का म्हणतात. पाटणे म्हणायचा तेव्हा मात्र मला ते आवडायचं नाही.

त्याच्या सवयी सांगते. चहाला उकळी फुटायच्या आत हा कप पुढे करणार. पेरू खायचा तर हिरवागार, दगडासारखा. गावात नवं काही निघालं की पहिल्या दिवशी हा तिथे हजर. नवी बस सुरू झाली, पहिल्या फेरीत पाटणे. नवा दवाखाना निघाला, तर याला काही झालेलं नसताना हा रक्तदाब मोजून घेऊन आला. मी एकदा विचारलं, "चार दिवस दम धरला तर काय बिघडतंय?" तर म्हणतो, "चार दिवसांनी समदं नीट झालेलं असतंय, आक्का. मग आपला उपयोग काय?"

जणू काही सगळी निपाणी याच्या उपयोगावाचून अडून बसली होती!

हा उपयोग म्हणजे काय, तर चुका काढणं. आणि काढून गप्प बसणं नाही. त्याच्या बॅगेत एक लांबडी वही असायची. त्या वहीत तो प्रत्येक चूक तीन ओळींत लिहायचा. पहिली ओळ, काय केलं. दुसरी, काय व्हायला पाहिजे होतं. तिसरी, काय झालं. कॉम्प्युटरवाल्यांची तक्रार करायची हीच रीत असते म्हणे, म्हणजे चूक दुरुस्त करणाऱ्याला ती आपल्या डोळ्यांनी पुन्हा घडवून बघता येते. कॉम्प्युटरवाल्यांची असेल. याने ती सगळ्या जगाला लावली.

बसस्टँडसमोर नवी खानावळ निघाली तेव्हाची गोष्ट. पाटणे पहिला गिऱ्हाईक. जेवला, हात धुतले आणि वहीतला कागद फाडून मालकाच्या हातात दिला. 'काय केलं: मटणथाळी मागवली. काय व्हायला पाहिजे होतं: तांबडा रस्सा तिखट. काय झालं: तांबडा रस्सा खारट.' खाली तारीख, वेळ, सही. मालक बिचारा हादरला. त्याला वाटलं, हा सरकारी तपासनीस. दुसऱ्या दिवशी तो लाडवांचा डबा घेऊन शाळेत हजर, "साहेब कुठं हायत?" करत. साहेब तेव्हा आठवीच्या मुलांबरोबर खडूचे तुकडे फेकून कसलं तरी गणित समजावत होते. हा साधा मास्तर आहे, तोही तात्पुरता, हे कळल्यावर मालकाने डब्यासकट जाताना ज्या शिव्या घातल्या त्या मी इथे लिहू शकत नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या घरी पाहुणे आले म्हणून मी त्याच खानावळीतून रस्सा मागवला. मीठ बेताचं होतं. हे मी पाटणेला कधी सांगितलं नाही.

बायकोच्या आमटीवरही त्याने अशीच एक चिठ्ठी लिहिली होती. ती आठ दिवस माहेरी जाऊन बसली. हा स्टाफरूममध्ये सांगतो कसा, "माझी दुसरी ओळ चुकली. काय व्हायला पायजे हुतं, ते तिला इचारायला पायजे हुतं." अशा माणसाला हसायचं नाही तर काय करायचं?

मग एके दिवशी तो पेढे घेऊन आला.

"काय, मुलगा की मुलगी?" मी विचारलं.

"तसलं न्हाय आक्का. ब्राउझर आला."

इंटरनेट बघायचा ब्राउझर. आधीचे काय कमी होते? पण हा म्हणे कुठल्या कंपनीचा नव्हता. देशोदेशीच्या हौशी लोकांनी मिळून, फुकट, मुळापासून लिहिलेला. त्याचं आतलं सगळं लिखाण कुणालाही उघडून वाचता येतं, कुणालाही दुरुस्त करता येतं. आणि तो तयारही नव्हता. वापरून बघा नि काय मोडतंय ते सांगा, एवढ्यासाठी बाहेर सोडलेली अगदी सुरुवातीची आवृत्ती. म्हणजे पाटणेच्या दृष्टीने तर साक्षात मेजवानीच.

त्याने आम्हा सगळ्यांना लॅबमध्ये नेलं. लॅब म्हणजे शिक्षण खात्याने कधीकाळी दिलेली अकरा जुनाट यंत्रं. त्यातल्या एकावर त्याने शाळेची वेबसाइट उघडली. सावकाश, एकेक तुकडा करत पान आलं. अक्षरं एकावर एक चढलेली. हेडमास्तरांचा फोटो घसरून थेट चेअरमनसाहेबांच्या पोटावर येऊन बसलेला. स्टाफ फिदीफिदी हसायला लागला. हेडमास्तर तेवढे हसले नाहीत.

"फोटो आला की!" पाटणे म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. "गेल्या म्हैन्यात फोटोच येत न्हवता. लहान हाय हो अजून. आठ दिसांच्या वासराला कुनी नांगराला जुपतंय व्हय? पायावर हुबं ऱ्हाऊ दे की जरा."

त्या दिवसापासून पोरं त्या ब्राउझरला 'सरांचं वासरू' म्हणायला लागली. त्याचं खरं नाव काहीतरी इंग्रजी होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पुढचे कित्येक महिने आम्हाला वासराचं बाळसं ऐकावं लागलं. आज त्याला तक्ता काढता आला. आज त्याला मराठीतला जोडाक्षराचा पाय जागेवर बसवता आला. जे जमायचं नाही ते हा तीन ओळींत लिहून त्या लोकांना पाठवायचा, तोडक्यामोडक्या इंग्रजीत. एकदा कुठल्या तरी थंड देशातून एका माणसाचं दोन ओळींचं उत्तर आलं: चूक मिळाली, दुरुस्त केली, आभार. पाटणेने ते छापून, लॅमिनेट करून बॅगेत ठेवलं. जो दिसेल त्याला दाखवायचा. पीटीचे सर म्हणाले, "लॅमिनेट लग्नाचा फोटो करत्यात, पाटणे." तर हा म्हणाला, "त्यो बी केलाय." माणसाला टोमणा कळू नये म्हणजे किती!

मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. आम्ही इथे खात्याच्या एकेका परिपत्रकापायी जिवाचं रान करायचं, आणि याला हौस कसली, तर मोडक्या वस्तूची. मोडकं दिसलं की याचा चेहरा उजळायचा.

आता दहावीच्या नोंदणीचं सांगते.

दरवर्षी परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे अर्ज खात्याच्या वेबसाइटवर भरावे लागतात. त्या वर्षी नेमकं शेवटच्या आठवड्यात ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडला. दुकानदार म्हणाला, चार दिवस लागतील. लॅबमधल्या यंत्रांवरचे नेहमीचे ब्राउझर इतके म्हातारे झालेले की खात्याची वेबसाइट त्यांना दारातच उभं करीना. पाटणेने वासरू लावून बघितलं. वासरू आत गेलं.

तो उड्या मारत ऑफिसात आला. मी म्हटलं, "सर, आठ दिवसांच्या वासराला जुंपू नये असं तुम्हीच म्हणत होता." तर म्हणाला, "आता मोटं झालंय की, आक्का." हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं, कॅलेंडर पाहिलं आणि होकार दिला.

पण वासराला छपाई येत नव्हती. नेहमी आम्ही भरलेला प्रत्येक अर्ज छापून घेतो, मी तो वाचते आणि पडताळणीच्या रजिस्टरमध्ये टिक करते. भरणारा एक आणि वाचणारा दुसरा, अशी वाटणी फार वर्षांपासूनची. या वेळी असं ठरलं, की पाटणेने अर्ज पाठवला की पडद्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, मला पाठवायचा, आणि मी त्या फोटोवरून टिक करायची.

इथे मला माझं एक सांगावं लागेल. माझं कन्नड बोलणं ऐकून बाजारातला माणूस मला परकी म्हणणार नाही. निपाणी कर्नाटकात, त्यामुळे नोकरी टिकवायला खात्याची कन्नडची परीक्षा असते, तीही मी पास आहे. उत्तरं पाठ करून पास झाले होते. वाचायला बसले की मात्र एकेक अक्षर लावत जावं लागतं, पहिलीच्या पोरासारखं. आमच्या ऑफिसात सगळ्यांचीच ही गत. मग आम्ही खुणांवर चालतो. परिपत्रकात जाड अक्षरात असेल ती शेवटची तारीख. शिक्का डावीकडे असला तर माहितीसाठी, उजवीकडे असला तर उत्तर पाठवायचं. आणि वेबसाइटवर अर्ज पाठवला की वर एक पट्टी येते. हिरवी आली की झालं, लाल आली की पुन्हा. त्या पट्टीवर कन्नडमध्ये एक ओळ असते, ती मी इतक्या वर्षांत एकदाही वाचली नव्हती. गरजच काय होती?

दोन दिवसांत त्रेपन्न अर्ज गेले. त्रेपन्न फोटो माझ्या मोबाइलवर आले. त्रेपन्न हिरव्या पट्ट्या. मी त्रेपन्न ठिकाणी टिक केली, खाली 'वाचून पडताळले' असं लिहून सही केली, आणि पुतणीच्या साखरपुड्याला निघून गेले.

परीक्षेला बारा दिवस राहिले असताना प्रवेशपत्रं आली. बावन्न. अंकिताचं नव्हतं.

अंकिता म्हणजे रोज प्रार्थनेनंतर बातम्या वाचणारी मुलगी. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, एकदाही न अडखळता. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला. प्रवेशपत्र आलं नाही असं कळल्यावर ती बाई कामावरून तशीच धावत आली. पदराला तंबाखूचा वास, डोक्यावर बांधलेलं फडकंही काढलेलं नव्हतं. दारातच उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना.

"बाई, माझ्या पोरीनं फोटो येळेवर दिलता," ती म्हणाली. "बाकीच्या पोरांचं सरांनी मोबाइलवर काडलं. मी म्हटलं, दहावीचा हाय, चांगला असावा. स्टुडिओत नेऊन काडून आनला. पेनड्राइव्हमदी घालून दिलता."

पाटणे तेव्हा लॅबमध्ये होता. त्याने तोच पेनड्राइव्ह लावला, मुदत संपलेली म्हणून वेबसाइटच्या सरावाच्या पानावर तोच अर्ज वासरातून पुन्हा भरायला घेतला, आणि पाचव्या मिनिटाला त्याची आरोळी आली.

"सापडला! आक्का, सापडला!"

मी धावले. मागोमाग ती बाई. मला वाटलं अर्ज सापडला. पाटणे खुर्चीत बसल्या बसल्या उडत होता. "हे बगा. स्टुडिओचा फोटो लई जड. वेबसाइट तो घेत न्हाय, पट्टी लाल करायला सांगतीया. पण लाल करायची ही जी नवी रीत हाय, ती वासराला अजून कळतच न्हाय. त्यामुळं पट्टी हिरवीच ऱ्हातीया! हे जगात कुनालाच सापडलं नसंल अजून!" आणि त्याने वही काढली.

मागे एका पोरीचं वर्ष जायची वेळ आलेली, तिची आई दारात उभी, आणि हा माणूस वहीत पहिली ओळ लिहायला लागला होता. त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. खरंच हात उचलला गेला असता. तेवढ्यात ती बाई म्हणाली, "म्हंजे पोरगी बसती नव्हं सर, परीक्षेला?"

पाटणेचं पेन थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मी त्याच्या तोंडावरचा रंग उतरताना पाहिला. मग त्याने परत पडद्याकडे पाहिलं. हिरव्या पट्टीवरची कन्नड ओळ त्याने सरळ, मोठ्याने वाचली, आणि मराठीत सांगितली. "फोटो ठरलेल्या मापापेक्षा मोठा आहे. अर्ज स्वीकारलेला नाही."

इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं. माझ्या मोबाइलवर ते दोन महिने पडून होतं.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "तुमी वाचलं न्हाय व्हय?"

"वाचलं की," मी म्हटलं. "पट्टी हिरवी होती."

त्याने वही मिटून बॅगेत ठेवली.

हेडमास्तरांनी दार लावून आम्हा दोघांना बसवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चूक शाळेची आहे असं लिहून दिलं तर खातं कारवाई करणार, आणि संस्था ती कुणावर तरी शेकवणार. त्यापेक्षा 'विद्यार्थिनीने मुदतीत फोटो दिला नाही' असं लिहू. ती पुरवणी परीक्षेला बसेल. दोन-चार महिन्यांनी काय आभाळ कोसळतंय? मला म्हणाले, "आक्का, करा टाइप." माझी नोकरीची दोन वर्षं राहिली होती. मी टाइप केलं. टाइप करताना माझे हात कापले नाहीत, हेही सांगून टाकते. त्यांनी सही केली आणि ते पत्र खात्याच्या चिकोडीच्या ऑफिसात द्यायला पाटणेकडे सोपवलं, कारण त्याची बस त्याच वाटेने जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिकोडीहून हेडमास्तरांना फोन आला. हेडमास्तरांचा आवाज पार ऑफिसाबाहेर ऐकू येत होता. पाटणेने आमचं पत्र दिलंच नव्हतं. त्याने बसमध्ये बसून वेगळंच पत्र लिहिलं, स्वतःच्या हाताने, कन्नडमध्ये, आणि ते देऊन शिक्का मारून घेतला.

शिक्क्याची प्रत त्याने माझ्या टेबलावर आणून ठेवली. "फायलीला लावा, आक्का," एवढंच म्हणाला आणि वर्गावर गेला.

फायलीला लावायच्या आधी मी ती वाचायला घेतली. हेडमास्तर कुणाकडून तरी वाचून घेणार हे मला माहीत होतं, आणि माझं नाव त्यात कुठे आहे ते मला त्याआधी बघायचं होतं. दार लावून घेतलं. एकेक अक्षर लावत गेले. मधली सुट्टी झाली, संपली, तरी मी दुसऱ्याच परिच्छेदात. आयुष्यात पहिल्यांदा मी कन्नडमधलं एक अख्खं पान वाचलं. त्याचं मराठी असं होईल:

'काय केलं: विद्यार्थिनीचा फोटो वेळेत मिळाला होता. तिचा अर्ज मी अजून तयार न झालेल्या ब्राउझरवर भरला.

काय व्हायला पाहिजे होतं: असलं काम अशा ब्राउझरवर करायचं नसतं. केलं तर पडद्यावर आलेला मजकूर वाचायचा असतो.

काय झालं: पट्टी हिरवी दिसली. अर्ज स्वीकारलेला नाही, असं तिच्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं नाही.

विद्यार्थिनीचा दोष नाही.'

खाली तारीख, वेळ, सही. रजिस्टरचा उल्लेख नाही. पडताळणीचा नाही. माझा नाही.

मला सुटल्यासारखं वाटलं. ते आधी वाटलं. बाकीचं जे काही वाटायचं ते फार नंतर वाटलं, आणि तेव्हाही पहिल्यांदा मी त्यालाच शिव्या घातल्या. मोठा आला हरिश्चंद्र! बायको आहे, पोर आहे, नोकरी तात्पुरती, आणि हा कागदावर लिहून देतोय, मी वाचलं नाही. ज्याची सातवीपर्यंतची शाळा कन्नड, तो लिहितोय, मी वाचलं नाही!

परीक्षेला दोन दिवस असताना अंकिताचं प्रवेशपत्र आलं. तिची आई शाळेत पेढे वाटून गेली. मलाही दिला. मी खाल्ला.

मार्चअखेर पाटणेला सांगण्यात आलं की जूनचा आदेश निघणार नाही. हेडमास्तर स्टाफरूममध्ये म्हणाले, "असलं अर्धवट डोकं मुलांपुढं ठेवायला नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या सगळ्यांत मी होते. मला तेव्हा उठून काय म्हणता आलं असतं, ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

त्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो लॅबचा चार्ज द्यायला ऑफिसात आला. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. पण आधी त्याने काय करावं? मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. पडद्यावर खात्याच्या वेबसाइटचं ते पान होतं, आणि वर पट्टी. लालभडक.

"केली दुरुस्त, आक्का! मी लिवलंतं त्यास्नी. नव्या आवृत्तीत पट्टी बरोबर लाल येतीया," तो म्हणाला. तोंडभर हसत होता. नोकरी गेलेली, आणि याचं वासरू एक पाऊल नीट टाकायला शिकलं म्हणून हा हसतोय. मला परत तोच जुना संताप आला, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. त्याचा तिटकारा करणं मला सवयीचं होतं.

"आणा ती सामानाची यादी, सही करते," मी म्हटलं.

यंत्रं खात्याने दिलेली, म्हणून यादी कन्नडमध्ये. दोन पानं. खाली एक ठरलेलं वाक्य, त्याच्याखाली माझ्या सहीची जागा. मी पेन उघडलं, शेवटच्या ओळीवर टेकवलं.

"आक्का," पाटणे म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा मारता येत असता तर मला सोपं गेलं असतं. "ह्या येळी वाचून करा."

मी वर पाहिलं नाही. पेन बाजूला ठेवलं. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. अक्षर लावायचं, पुढचं लावायचं, दोन्ही जोडून शब्द होतो का बघायचं. कानशिलं तापली होती. चौथ्या ओळीत एका जोडाक्षराला अडले. बराच वेळ अडले. टेबलाच्या पलीकडून त्याचं बोट पुढे आलं, त्या अक्षराखाली टेकलं, आणि त्याने त्याचा उच्चार सांगितला. मी पुढे गेले. तो उभाच होता, बॅग खांद्याला, शर्टाची एक बाजू बाहेर. अडले की बोट यायचं. हसला नाही, घाई केली नाही. पोरांना असंच शिकवत असेल. मी त्याच्या वर्गात कधी डोकावले नव्हते.

शेवटचं वाक्य मी एकटीने वाचलं. 'वरील सर्व वस्तू मी स्वतः पाहून व वाचून ताब्यात घेतल्या आहेत.' मग सही केली.

"बराबर," तो म्हणाला. आपली प्रत घडी करून त्याने बॅगेत त्या लॅमिनेट केलेल्या कागदाशेजारी ठेवली, दोन्ही पिना लावल्या आणि निघाला.

मी खिडकीशी गेले. त्याला हाक मारून सांगायचं होतं. निदान त्या खानावळीतल्या रश्श्याचं तरी. तो फाटकातून बाहेर पडून धावायला लागला होता, कारण स्टँडावरून सुटलेली चिकोडीची बस वळणावर येत होती. हात वर करून तो तिच्यामागे बराच लांब धावला. बस थांबली नाही. मी तेवढी दोन पानं वाचायला पाऊण तास घेतला होता.